लांबचा धूर पाहणारा कॅमेरा

मित्रांनो, मी कॅमेरा आहे. माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला आणि म्हातारपण नाशिक रोडला आले. अंगाने मी जड. नाजूकपणा माझ्यात पहिल्यापासूनच नाही. माझे बटण दाबले की असा ‘खट्याक्’ आवाज होतो, की कठड्यावर बसलेली चिमणी उडून जाते. पण माझ्यासोबत एक हातभर लांब भिंग आले होते. ते मला लावले की समोरच्या डोंगरावरून चाललेल्या माणसाच्या कपड्यांचा रंगसुद्धा ओळखू येई. त्या भिंगामुळे माझे आयुष्य इतर कॅमेऱ्यांसारखे गेले नाही. लग्नातल्या जेवणावळी आणि बाळांची बारशी मी फारशी पाहिली नाहीत. मी धूर पाहिला. आकाश पाहिले.

मला विकत घेणाऱ्याचे नाव देवराम. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात तो नोकरीला होता. पोस्टाच्या तिकिटांचे छापील कागद तपासायचे, हे त्याचे काम. एखादी रेघ तुटली आहे का, रंग जरासा सरकला आहे का, हे डोळ्याला भिंग लावून दिवसभर बघत राहायचे. काही वर्षांनी त्याचे डोळे दुखू लागले, कपाळ ठणकू लागले. तो आणि त्याची बायको सविता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, “डोळ्यांना आजार नाही. ते जवळचं बघून बघून कंटाळलेत. रोज संध्याकाळी लांब बघत जा.”

“लांब म्हणजे किती लांब?” सविताने विचारले.

“दिसेल तितकं लांब!”

देवरामने ते औषधासारखे मनावर घेतले. पण नुसते लांब बघत बसायला त्याला जमेना. हाताला काहीतरी काम हवे. म्हणून तो मुंबईला गेला आणि एका दुकानातून मला घेऊन आला. छापखान्यात कॅमेरा नेण्यास सक्त बंदी असल्यामुळे त्याचे ते काम मी कधीच पाहिले नाही. मी पाहिली ती त्याची संध्याकाळ.

ते एकोणीसशे एक्क्याण्णव साल होते. त्या हिवाळ्यात एक नवल घडले. सूर्य बुडून गेल्यावरही आकाश विझेना. आधी ते केशरी होई, मग गुलाबी आणि शेवटी असे जांभळे होई, की खालची माणसे रस्त्यात थांबून वर बघत. देवरामने पेपरात वाचले, की फिलिपाइन्समध्ये मोठा ज्वालामुखी फुटला असून त्याचे बारीक कण वाऱ्याबरोबर साऱ्या पृथ्वीवर पसरले आहेत. त्याने ती बातमी सविताला मोठ्याने वाचून दाखवली.

“म्हणजे तिकडचा डोंगर फुटला आणि आपल्या गच्चीवर रंग आला?” ती म्हणाली.

दोघेही मान वर करून बघत राहिले. मी तिपाईवर उभा होतो. माझ्या काचेत ते जांभळे आकाश मावत नव्हते. समुद्रापलीकडच्या डोंगराचा चुरा आपल्या डोक्यावर तरंगतो आहे, या विचाराने मी थक्क झालो होतो. त्या दिवसापासून देवरामला आकाशाचे वेडच लागले.

त्यांच्या गच्चीवरून पूर्वेला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. थंडीच्या सकाळी त्यांचा धूर वर न चढता आडवाच पसरे, जणू कोणी राखाडी चादर हवेत वाळत घातली आहे. उन्हाळ्यात धुळीने सारे शहर पुसट होई आणि सूर्य तांब्याच्या परातीसारखा बुडे. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येई. पश्चिमेला पांडवलेण्यांचा डोंगर, त्यामागे अंजनेरी, त्यामागे ब्रह्मगिरी. जितका डोंगर लांब, तितका त्याचा निळा रंग फिका. फाल्गुन-चैत्रात त्या निळ्या डोंगरांच्या पाठीमागून धुराचे खांब उठत. कधी एक, कधी तीन-चार. वर जाऊन ते वाकत आणि एकमेकांत मिसळत. “वणवा लागलाय तिकडं कुठेतरी,” देवराम म्हणे आणि माझे बटण दाबे. खट्याक्!

सुरुवातीला आमचे कौतुक कोणी केले नाही. बिटको चौकाजवळ यादव नावाच्या गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. देवराम तिथे रोल धुवायला देई. एकदा यादवशेठ फार दुःखी चेहऱ्याने म्हणाले, “देवरामभाऊ, तुमचा पूर्ण रोल वाया गेला हो. एकाही फोटोत माणूस नाही. सगळीकडे नुसतं धुरकट आलंय. मी प्रिंट काढलेच नाहीत.”

“अहो, धुराचेच फोटो आहेत ते!”

“मुद्दाम काढलेत?” यादवशेठांनी धुतलेल्या रोलच्या पट्ट्या पुन्हा दिव्यासमोर धरल्या. या वेळी ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “हा एक जरा मोठा करून बघू या.”

त्या मोठ्या केलेल्या फोटोत निळ्या डोंगरांच्या रांगा होत्या आणि सर्वांत मागे पांढऱ्या धुराचा एक प्रचंड खांब होता. त्याच्या टोकाला खरोखरचा ढग धरला होता. पुढे नाशिकच्या एका प्रदर्शनात तो फोटो लागला. लोक त्याच्यासमोर थबकत. “वा! काय सुंदर आहे!” असे म्हणत. मीही फुशारलो होतो. मला वाटले, धुराचे सगळे गुपित मला कळले.

आता तुम्हाला पुंजा आणि कुसाबाई यांच्याबद्दल सांगतो. हे नवरा-बायको त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरातले. पावसाळ्यात घरची भात-नागली करायची आणि शेत मोकळे झाले की बांधकामाच्या कामाला शहरात यायचे, असा त्यांचा नेम. देवरामच्या घरावरची खोली त्यांनीच बांधली. सविता आणि कुसाबाई दुपारी एकत्र भाकरी खात, त्यामुळे काम संपल्यावरही येणे-जाणे राहिले. एका वर्षी पुंजा भेटायला आला आणि भिंतीवरच्या त्या मोठ्या फोटोसमोर उभा राहिला.

“भाऊ, ह्यो डोंगर आमच्या पाड्याच्या अंगाचा हाय,” तो म्हणाला. “ह्या खांद्यावरून वळखला. तुमच्या इथून असा दिसतो व्हय?”

“असाच दिसतो. आवडला?”

पुंजा हसला. “दिसायला लय भारी. पण धूर हाय ना त्यो. आमी त्याच्या खाली असतो. ये एकदा आमच्याकडं. जवळून बघ.”

देवराम गेला. दोन हजार सालानंतरच्या एका मार्च महिन्यात, एस.टी.ने आणि मग पायी, मला आणि लांब भिंगाला खांद्यावर घेऊन.

पुंजाचा पाडा डोंगराच्या सोंडेवर होता. समोर खोल दरी, दरीच्या तळाशी ओहोळ आणि पलीकडे दुसरा उंच डोंगर. त्या डोंगरावर कमरेइतके वाळलेले गवत पिवळेधमक उभे होते आणि मधूनमधून मोहाची झाडे होती. तो मोहाची फुले वेचण्याचा काळ. कुसाबाई आणि शेजारची म्हातारी भागीबाई भल्या सकाळीच टोपल्या घेऊन समोरच्या डोंगरावर गेल्या होत्या. देवरामने मला तिपाईवर उभे केले आणि पुंजाला भिंगातून बघायला सांगितले.

“आरं! ती कुसा!” पुंजा ओरडलाच. “फुलं येचते! आन भागीबाय नुसतीच बसलीय बघ सावलीला!”

दोघे खूप हसले.

दुपार झाली. वारा सुटला. आणि समोरच्या डोंगराच्या डाव्या खांद्यामागून एक पिवळट धूर वर आला. आधी तो बारीक होता. बघता बघता फुगत गेला. मित्रांनो, मी तोवर कितीतरी धूर पाहिले होते, पण ते सारे मुके होते. हा धूर बोलत होता. दरी ओलांडून त्याचा आवाज आला, वाळल्या शेंगा तुडवल्यासारखा तडतड आणि त्याखाली एक घोगरी घरघर. मग खांद्यावरून आगीची रेघ अलीकडे उतरली. धुराचा खांब आकाशात चढू लागला. खाली तपकिरी, मध्ये जांभळट, वर शुभ्र. त्याच्या पोटात मोठमोठे गोळे उलगडत होते. सूर्य त्याच्या आड गेला आणि साऱ्या डोंगरावर नारिंगी उजेड पडला. पळणारे किडे टिपायला घारी आगीच्या तोंडाशीच गिरक्या घेत होत्या. इतके भव्य असे मी जन्मात काही पाहिले नव्हते. देवरामचे बोट सवयीने माझ्या बटणावर आले.

तेवढ्यात पुंजा म्हणाला, “भाऊ, वारा उजवीकडं हाय.”

उजवीकडे मोहाची झाडे होती.

देवरामने मला वळवले. मोहाखाली कुसाबाई अजून वाकून फुले वेचत होती. मध्ये डोंगराचा एक उंचवटा होता आणि त्यापलीकडची आग तिला दिसत नव्हती. दोघेही बेंबीच्या देठापासून ओरडले. पाड्यातली माणसे धावत आली, तीही ओरडली. पण वाऱ्याने सगळ्यांचा आवाज मागेच फेकला. मग धूर उंचवट्यावरून कुसाबाई आणि भागीबाईच्या अंगावर घसरला आणि दोघी त्यात दिसेनाशा झाल्या.

पुंजाने डोक्याचा टॉवेल सोडून कमरेला बांधला. “मी जातो.”

“थांब!” देवरामने त्याचा दंड धरला. “आत गेल्यावर तुला काही दिसणार नाही. मला इथून दिसतंय. हे बघ, मी शर्ट काढतो. मी ज्या बाजूला हलवीन तिकडं जा. दोन्ही हातांनी वर धरला, तर जागचा हलू नको. मागं वळून बघत राहा माझ्याकडं.”

पुंजाने मान डोलावली आणि तो उतारावरून खाली झेपावला. हिरव्या फांद्या तोडून घेत पाड्यातले बाकीचे त्याच्या मागे पळाले. वर राहिलो आम्ही दोघे, आणि झिपरू नावाचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना पळणे शक्य नव्हते.

देवरामचा डोळा माझ्या काचेला चिकटला होता. त्याच्या घामाने माझी पाठ ओली झाली. धूर मधूनच फाटे, मधूनच मिटे. एका फटीत मला कुसाबाईचे हिरवे लुगडे दिसले. ती भागीबाईला ओढत डोंगरावर, वरच्या बाजूला निघाली होती. आणि वरून आगीचा दुसरा फाटा वळून त्याच दिशेने येत होता.

“वर जातात त्या! वर आग आहे!” देवराम ओरडला.

“कातळ बघ, कातळ,” झिपरूबाबा म्हणाले. “मोहाच्या उजव्या अंगाला काळा कातळ हाय. तठं गवत नाय.”

देवरामने मला उजवीकडे सरकवले. धुराच्या कडेला काळा, उघडा कातळ होता, अंगणाएवढा. पुंजा आता ओहोळ ओलांडून चढाला लागला होता. त्याने मागे वळून पाहिले. देवरामने उजवीकडे शर्ट हलवला. पुंजा उजवीकडे वळला. थोडा चढला, पुन्हा वळून पाहिले. तेवढ्यात त्याच्या पुढ्यातल्या घळीत ज्वाळा उसळली. त्याला ती दिसत नव्हती, आम्हाला दिसत होती. देवरामने शर्ट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. पुंजा खिळल्यासारखा थांबला.

त्याची बायको वर धुरात होती आणि तो खाली हात बांधल्यासारखा उभा होता. तो पुन्हा पुन्हा मागे बघे. देवरामने शर्ट खाली आणला नाही. घळीतले गवत जळून खाली बसले, तेव्हा त्याने तो जोरजोरात उजवीकडे फिरवला. पुंजा धावला. धुराने त्यालाही गिळले.

मग काहीच दिसेना. माझ्या काचेत नुसते पांढरे होते. मित्रांनो, जो धूर मी इतकी वर्षे ‘सुंदर, सुंदर’ म्हणून टिपत आलो, तोच आता माझ्या समोरून हटावा म्हणून मी तळमळत होतो. झिपरूबाबांनी हात जोडले होते. देवरामचा श्वास माझ्या काचेवर येत होता.

वारा जरा वळला. धुराचा पडदा एका बाजूला सरकला. कातळावर हिरवे लुगडे होते! कुसाबाई पदर तोंडाला बांधून बसली होती आणि भागीबाईचे डोके तिच्या मांडीवर होते. दोघी आधीच कातळावर पोचल्या होत्या. कुसाबाईनेच तो शोधला होता. पुंजा तिथे पोचला, तेव्हा त्याच्यामागे जळून काळी झालेली वाट होती. तिथे पुन्हा जळायला काही उरले नव्हते. त्याने भागीबाईला पाठुंगळी घेतले आणि त्या काळ्या वाटेने तिघेही खाली उतरू लागले. देवरामने आता कुठे माझ्यावरून डोळा काढला. शर्ट त्याच्या हातातच होता.

ते पाड्यावर आले तेव्हा सगळ्यांच्या तळपायांना फोड आले होते. भागीबाईला खोकला आवरत नव्हता. तिला पाणी पाजले, पायांना लावायला थंड शेणमाती आणि फडकी आणली गेली. आणि कुसाबाईच्या काखेत फुलांची टोपली तशीच होती!

“टोपली कशाला आणलीस, बाई?” देवराम रडतही होता आणि हसतही होता.

“सकाळपासून येचली. टाकू कशी?” ती म्हणाली. मग पाणी पिऊन तिने त्याच्याकडे पाहिले. “भाऊ, धुराचा फोटू काढला का?”

“नाही काढला.”

“एकबी नाय?”

“एकही नाही. सुचलंच नाही.”

कुसाबाई हिरमुसली. “मला बघायचा व्हता. आत काय दिसलं नाय रे. नुसतं पांढरं. आन गरम. कसा दिसत व्हता इथून?”

देवरामने हात वर करून तिला सांगितले, खाली तपकिरी, मध्ये जांभळट, वर शुभ्र, आणि घारी. ती लहान मुलीसारखी ऐकत होती. “येवढा मोठा!” ती म्हणाली. “आन मी त्याच्या खाली!”

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा डोंगर काळाठिक्कर होता. त्याच्यामागून मात्र अजून धूर निघत होता. कुसाबाईने माझ्यातून तो पाहिला, खूप वेळ पाहिला. मग देवरामने तिला त्या धुराकडे पाठ करून उभे केले. माझे लांब भिंग जवळचे टिपत नाही, म्हणून तो मागे मागे सरकत थेट गोठ्याच्या कुडाला जाऊन टेकला आणि आतली म्हैस दचकली. सगळे हसले. कुसाबाईही हसली, आणि त्या क्षणी माझे बटण दाबले गेले. खट्याक्! काजळी लागलेला चेहरा, काखेत टोपली, मागे धुराचा निळसर पिसारा. माझ्या हातून निघालेला सर्वांत चांगला फोटो तो. कुठल्याही प्रदर्शनात तो गेला नाही. तो पुंजाच्या घरात लागला.

वणवा कोणी लावला, हे कळले नाही. कोणी विडी टाकली असेल, कोणी पाला पेटवून पाठ फिरवली असेल. पण पुढच्या वर्षीपासून पाड्यातल्या माणसांनी उन्हाळा लागायच्या आत गवताचे रुंद पट्टे कापून काढायला सुरुवात केली, म्हणजे आग त्या मोकळ्या जागेपाशी थांबावी. देवराम रजा काढून विळा घेऊन जाई. एकदा सविताही गेली. मी झाडाला टांगलेला असे आणि त्यांचे काम पाहत असे.

मग दिवस पालटले. बटण दाबले की लगेच फोटो दाखवणारे छोटे, चकचकीत कॅमेरे आले. यादवशेठांच्या स्टुडिओत झेरॉक्सचे यंत्र आले. रोल मिळेनासे झाले. देवराम निवृत्त झाला आणि मी कपाटात गेलो, स्वेटरांच्या खाली. दोन पावसाळ्यांच्या दमटपणाने माझ्या लांब भिंगात बुरशीची पांढरी जाळी धरली. आता स्वच्छ दिवशीही मला सगळे धुरकट दिसते. मला राग नाही. पण कोणी अधूनमधून उन्हात ठेवले असते, कोरड्या फडक्याने पुसले असते, तर मी अजून बघू शकलो असतो.

परवाच्या उन्हाळ्यात सविताने कपाट आवरायला काढले आणि मला गच्चीवर उन्हात ठेवले. संध्याकाळी ती मला न्यायला आली, तेव्हा पश्चिमेला धुराचा एक उंच खांब उठला होता. ती उभी राहिली.

“अहो, वर या लवकर! केवढा आहे बघा!”

देवराम काठी टेकत जिना चढून आला. दोघे बघत राहिले. एक्क्याण्णव सालच्या त्या जांभळ्या आकाशाखाली उभे होते, तसेच. मग देवरामने खिशातून मोबाइल काढला. पुंजाच्या पाड्यावर आता फोन लागतो, उंबराच्या झाडाखाली उभे राहिले तर. खूप वेळ घंटी वाजली. दोघेही धुराकडे बघत होते, पण आता त्यांच्या चेहऱ्यावरचे नवल जाऊन तिथे काळजी आली होती.

“कोण, भाऊ?” कुसाबाईचा आवाज आला. “धूर दिसला व्हय? आमचा नाय त्यो. पल्याडच्या डोंगराचा हाय. पोरं गेलीत फांद्या घेऊन. तिथली माणसं खाली आलीत समदी.”

“समदी?”

“समदी. मोजून घेतली.”

देवरामने मोठा श्वास सोडला. मग तो पुन्हा धुराकडे बघू लागला आणि या वेळी त्याचे डोळे चमकले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे जुने काही असेल, तर त्याला कधीतरी ऊन दाखवा. उन्हाळ्यात डोंगरावर गेलात, तर पेटती काडी गवतात टाकू नका. आणि लांबवर धूर उठलेला दिसला, तर जरूर बघा. तो सुंदर असतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त बघता बघता विचारा, की त्याच्या खाली कोण आहे. आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका.